उंबऱ्याबाहेरचं सरकार

स्वतःच्याच घरात शिरताना परवानगी विचारणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणायची.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची खोली मधल्या दारापलीकडे. रोज सकाळी आंघोळ झाली की नाना त्या दाराशी उभे राहायचे, खाकरायचे, "येऊ का गं?" म्हणायचे आणि थांबायचे. मनातल्या मनात काहीतरी मोजत असावेत इतका वेळ. मग आत जाऊन पेटीतलं धुतलेलं धोतर काढून आणायचे. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा दात घासत होते. आत कुणीतरी आहे असंच मला वाटलं.

"आत कोण आहे, नाना?" मी मोठ्यानं विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं.

"कुनी न्हाई."

"मग विचारता कुणाला?"

"खोली तिची हाय, बाई. माणूस गेलं म्हून हक्क गेला का?"

त्या दिवसापासून मधल्या दाराकडे पाठ करून बसायचं मी टाळू लागले.

मी तेव्हा ग्रामसेविका होते. पहिलीच नेमणूक, आष्टी तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. बाकीचे ग्रामसेवक तालुक्याला राहून मोटारसायकलीवर ये-जा करायचे. मला गाडी येत नव्हती, म्हणून मी नानांची पुढची खोली घेतली. भाड्याचा करार त्यांनी स्वतः लिहिला, आणि त्यातलं पहिलं कलम होतं : घरमालक भाडेकरूच्या खोलीत, तिनं बोलावल्याखेरीज, कोणत्याही सबबीवर पाऊल ठेवणार नाही. पूर आला, आग लागली तरी? मी हसत विचारलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "आग लागली तर भायेरून वरडीन."

चाळीस वर्षं ते तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहायचे. अर्जनवीस. टाइपरायटरच्या कळा बडवून बडवून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा ओळखायचं नाही, आणि त्यांना त्याचा आनंद व्हायचा. "आपली खूण आपल्यापाशीच ऱ्हायली," असं म्हणायचे. सरकारी भाषा त्यांच्या अंगात भिनली होती. चहा गार झाला तरी म्हणायचे, "सबब दुसरा चहा करणेत यावा."

सरकारविषयी त्यांचं एकच म्हणणं होतं, ते दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं. "सरकार हा कामाला ठेवलेला माणूस हाय. पाणी आनावं, रस्ता करावा, शाळा चालवावी. पर कामाचा माणूस सांगितल्याबिगर उंबरा वलांडत न्हाई." कुणी मोजणीला, पाहणीला आलं की नाना खुर्ची बाहेर अंगणात टाकायचे, चहा बाहेरच द्यायचे आणि स्वतः दाराच्या आत उभे राहून सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायचे. आत कुणालाही घेतलं नाही. मी घरात राहत होते ते भाडेकरू म्हणून. एकदा मी दप्तर काखेत घेऊन, कामाच्या घाईत मधल्या सोप्यात शिरले, तर म्हणाले, "बाई, आता तुमी कोन म्हून आलात?"

यावरून आमची भांडणं व्हायची. मला वाटायचं, नव्हे, मला अजूनही वाटतं, की सरकार घरात शिरल्याशिवाय गरिबाचं काही होत नाही. पोरीचं लग्न तेराव्या वर्षी लावतात ते घरात. बाळंतपणात बाई मरते ती घरात. "तुमचा उंबरा धडधाकट माणसाच्या सोयीचा आहे, नाना," मी म्हणायची. "आत जो कमजोर आहे त्यानं काय करायचं?"

यावर ते एकदाच बोलले. त्यांचा मोठा भाऊ अविवाहित होता, वेडसर नव्हता, पण भोळा. ज्या दिवसांत जिपा गावोगाव फिरून माणसं नसबंदीला उचलून न्यायच्या, त्या दिवसांत तो घरात लपला होता. ज्वारीच्या कणगीमागं. साहेब, शिपाई आणि गावातला एक पुढारी आत शिरले आणि त्याला हाताला धरून घेऊन गेले. "मी दारातच हुतो," नाना म्हणाले. "बाजूला सरकलो. सरकारी मानसं हुती ना." भाऊ परत आला आणि वर्षाच्या आत एक दिवस शेताकडं जातो म्हणून गेला, तो गेलाच.

गावचे सरपंच तिसऱ्याच मताचे होते. माणूस बोलघेवडा, पांढरेशुभ्र कपडे, कायम घाईत. "सरकार मायबाप हाय, नाना," ते म्हणायचे. "मायबाप देतेत तवा हात पसरायचा. हक्क-बिक्क नंतर बघू." मायबापाला घरात यायला परवानगी लागत नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं. हे वाक्य मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायचं. ऊसतोडीच्या गाड्या यायच्या, दोन-तीन दिवस गलका, भांडी, शेळ्या, पोरं, आणि मग एका सकाळी उठावं तर काहीच नाही. गल्लीच्या गल्ली कुलूपबंद. कुलपात धूळ जाऊ नये म्हणून त्याला फडकं बांधलेलं, दाराला बाभळीच्या फांद्या लावलेल्या. मागं राहायची ती म्हातारी माणसं, दोन-चार दुकानदार, आणि कुत्री. ती कुत्री पहिले आठ दिवस ज्याच्या त्याच्या दाराशी बसून राहायची. मग माझ्या मागं मागं फिरायची, न भुंकता. भर दुपारी त्या गल्लीतून चालताना माझ्याच चपलांचा आवाज पुढून आल्यासारखा वाटायचा.

नाना मात्र त्याच दिवसांत जास्त फिरायचे. पंचायतीची काही नोटीस असली, घरपट्टीची, पाणी बंद राहण्याची, तर मी ती फळ्यावर लावायची. नाना तिची नक्कल घेऊन प्रत्येक बंद दारासमोर उभे राहायचे आणि पूर्ण वाचायचे. वाचून झालं की "बजावली" म्हणायचे आणि पुढच्या दाराशी जायचे.

"कुणाला वाचून दाखवता हो?" मी विचारलं होतं.

"घराला. मानूस नसंल तर घरानं ऐकावं. न सांगता कुनाच्या मागं काही करायचं न्हाई."

त्या हिवाळ्यात सरपंचांना एक ठराव हवा होता. गावच्या गायरानाची जमीन सौरऊर्जेच्या एका कंपनीला भाड्यानं द्यायची. गाव परत येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. "सह्या मागाहून घेऊ," ते मला म्हणाले. "सगळे असंच करतेत, म्याडम." मी नवी होते. खरं सांगायचं तर मी तयार झाले होते. मला वाटलं, गावात वीज येईल, पैसा येईल, सही आज झाली काय आणि उद्या झाली काय.

सभा समाजमंदिरात होती, दुपारी बारा वाजता. मी, सरपंच, सात-आठ म्हातारी माणसं. नाना मतदारयादी काखेत घेऊन आले. प्रत्येक ग्रामसभेत ते हेच करायचे, वर्षातून चारदा, असं मला पंचायतीच्या शिपायानं सांगितलं होतं. यादीतलं प्रत्येक नाव मोठ्यानं पुकारायचं, दहापर्यंत मोजेस्तोवर थांबायचं आणि मग "गैरहजर" म्हणायचं. ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्या वतीनं ठराव करता येणार नाही, असा त्यांचा आग्रह. सरपंचांनी डोळे मिटून घेतले. "वाचू द्या," मला पुटपुटले. "तासाभराचं काम हाय."

नानांचा आवाज खणखणीत होता. कचेरीच्या आवारात पक्षकार पुकारून तयार झालेला. नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग शांतता. गैरहजर. पुन्हा नाव. पुन्हा शांतता. बाहेर ऊन पडलं होतं आणि समोर कुलपांची रांग दिसत होती. अर्धा तास झाला. मला ते ऐकवेना. प्रत्येक नावानंतर कुणीतरी बोलेल असं वाटायचं आणि कुणी बोलायचं नाही, आणि दर वेळी आपण सुटलो असं वाटायचं.

"शेवंता किसन," नाना म्हणाले.

आणि बाहेरून आवाज आला, "हाय."

अगदी बारीक. विहिरीतून आल्यासारखा. मी इकडेतिकडे पाहिलं. म्हातारी माणसं पेंगत होती. सरपंच आपल्या बुटांकडे बघत होते. आणि नाना शांतपणे बोटं मोजत होते. दहा झाली. "गैरहजर," ते म्हणाले आणि पुढचं नाव बघू लागले.

"थांबा," मी म्हणाले. मी उठून नानांच्या कानाशी गेले. "ते नाव पुन्हा घ्या."

"कावून?"

"घ्या ना, नाना."

"वाऱ्याचा आवाज असंल," सरपंच लगेच म्हणाले. आवाज आला असं मी म्हटलंच नव्हतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. यादीकडे न बघता, माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी पुन्हा पुकारलं, "शेवंता किसन."

"हाय. हाय जी."

त्यांना आत्ताही ऐकू आलं नव्हतं. पण माझा चेहरा त्यांनी वाचला. हातातली यादी खाली ठेवली आणि म्हणाले, "कुठून?"

समाजमंदिराला लागून जी गल्ली जाते तिच्यातलं तिसरं घर. पत्र्याचं दार, कुलपाला लाल फडकं, बाभळीची फांदी. आवाज आतून येत होता. मी दाराला कान लावला. आतलं माणूस दाराच्या इतकं जवळ होतं की मला श्वास ऐकू आला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"नाव घेतलं की आत्ता," आतून उत्तर आलं. "तीच."

मागून आलेल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. ती शेवंताच्या नवऱ्याची चुलती. मग तिच्याकडून एकेक गोष्ट बाहेर आली. शेवंताचं तान्हं मूल दोन वर्षांमागं फडावर दगावलं. तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कधी गप्प, कधी रात्र रात्र बोलायची, एकदा फडातून निघून गेली ती चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात सापडली. म्हणून नवऱ्यानं तिला घरात ठेवून कुलूप लावलं. चुलती रोज तिन्हीसांजेला मागच्या खिडकीतून भाकरी आणि पाणी द्यायची. गावात सांगितलं होतं की माहेरी गेली. हा दुसरा हिवाळा होता.

"कुलूप तोडा," मी म्हणाले.

सरपंच पुढं झाले. "म्याडम, हा घरातला मामला हाय. नवरा-बायकोचा. सरकारनं यात पडू नये." तेच सरपंच, मायबापवाले. "उद्या किसननं तक्रार केली तर नोकरी जाईल तुमची. तुमाला अधिकार हाय का?"

नव्हता. मी पोलिसांना फोन लावायला घेतला, तर गल्लीत रेंज नव्हती. मी नानांकडे वळले आणि मनात इतके दिवस साठलेलं सगळं त्यांच्या कानाशी ओरडून बोलले. "बघा तुमचा उंबरा! तुम्हीच म्हणता ना, आत यायचं नाही? या दारासमोर तुम्ही नोटिसा वाचल्यात, नाना!"

मी असं बोलायला नको होतं.  नाना दोन्ही हात जोडून त्या पत्र्याच्या दाराशी गेले, खाकरले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "बाई, घर तुमचं हाय. आमी आत यावं का?"

  सरपंच कुजबुजले, "येडीला काय विचारता?" नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले, कारण उत्तर त्यांना माझ्याकडूनच कळणार होतं.

"या," आतून आलं. "पर हळू या. डोळे दुखतेत उजेडानं."

मी मान हलवली. नानांनी रस्त्यावरचा धोंडा उचलला आणि सत्तरी उलटलेल्या त्या माणसानं चार घावांत कुलूप पाडलं. दार मात्र त्यांनी ढकललं नाही. ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "तुमाला बोलावलंय तिनं. जा."

आत काय होतं ते मी फार सांगणार नाही. खोली झाडलेली होती. ते मला सगळ्यात जास्त भयंकर वाटलं, ती खोली रोज झाडत होती. शेवंता भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांवर हात धरून, वय तिशीच्या आतलं आणि केस अर्धे पांढरे. ती मला पहिलं वाक्य बोलली ते असं : "दर बारीला मी हाय म्हनायचे. तीन बाऱ्या म्हनलं. ते गैरहजर म्हनायचे."

मी हे नानांना सांगितलं नाही. पण ती दारात आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून पुन्हा तेच बोलली, आणि जवळून बोलली म्हणून त्यांना ऐकू आलं.

दोन दिवसांनी किसन कारखान्यावरून आला. सरपंचांनीच कळवलं असावं. मला वाटलं होतं तसा तो राक्षस नव्हता. वाळलेला, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. नानांच्या अंगणात उभा राहून तो ओरडत नव्हता, विचारत होता. "तिकडं पाचटाच्या कोपीत तिला कुठं ठिवू? बांधून ठिवू का? हितं भाकर तरी भेटत हुती. तुमचं सरकार सांभाळतंय का तिला? सांगा."  त्यानं पोलिसांत कुलूप तोडल्याची तक्रार दिली. आमचे जबाब झाले. नानांनी स्वतःचा जबाब स्वतः लिहिला, दोन ओळींचा. शेवंताला आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल केलं होतं, तिथून आणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घर माझं बी हाय. मी या म्हनले." ठाणेदारानं पेन खाली ठेवलं आणि तक्रार तिथंच थांबली. गायरानाचा ठराव मी लिहिला नाही. सरपंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवंताला तिच्या भावानं माहेरी, धर्मापुरीला नेलं. तिथल्या डॉक्टरांची गोळी लागू पडली असं कळलं.

नाना मात्र घराबाहेर पडेनासे झाले. मधल्या खोलीच्या दाराशीही जाईनात. धोतर दोरीवरूनच घ्यायचे. माझ्याशी वाद घालणंही त्यांनी सोडलं, आणि मला ते सहन होईना. एके सकाळी तेच म्हणाले, "धर्मापुरीला जायचंय. संगं चला. तिनं बोललेलं मला कोन सांगनार?"

पहाटे निघून, दोन गाड्या बदलून आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. जुन्या देवळाच्या मागच्या आळीत भावाचं घर होतं. शेवंता अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसली होती, उन्हाकडे तोंड करून. अंग भरलं होतं. तिनं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं. नाना ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, मला ऐकू येत न्हाई. तरीबी मी इचारायचो आन् न ऐकता लिवून टाकायचो. ही माझी चूक हाय."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चारदा तरी माझं नाव तुमी घेतलं वर्षात. दुसरं कुनी घेतलं न्हाई." आणि मिरची निवडता निवडता, अगदी सहज, तिनं विचारलं, "ती दुसरी निघाली का?"

"कोण दुसरी?" मी म्हणाले.

"मागल्या आळीची. माझ्या आधी कधीतरी नाव यायचं तिचं. ती बी म्हनायची, हाय. लई हळू. खिडकीतून ऐकू यायचं मला."

मी भावाकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच खूण केली, की ती असं बोलते कधीकधी, मनावर घेऊ नका. मला नानांना हे सांगायचं नव्हतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या माणसापुढं खोटं बोलणं मला जमलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

चहा अर्धा टाकून ते उठले.

परत आमच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मागल्या आळीत एकूण सतरा दारं. नाना प्रत्येक दाराशी उभे राहून यादीतली त्या घराची नावं पुकारायचे, आणि मी पत्र्याला, लाकडाला कान लावून उभी राहायची. पहिल्या दाराआड काही नव्हतं. दुसऱ्या दाराआड उंदीर. सातव्या दाराआड काहीतरी ठिबकत होतं. कुत्री आमच्या मागं रांगेनं बसली होती. प्रत्येक वेळी नाना माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची, नाही. सतरा दारं झाली. कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. मी शक्य तेव्हा सोबत जायची. ते रोज जायचे, कान नसताना, दाराच्या पत्र्यावर तळहात ठेवून. पाडव्याच्या सुमाराला गाड्या परतल्या. एकेक कुलूप निघू लागलं आणि नाना त्या आळीत खुर्ची टाकून बसले. कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. दार उघडलं की बाहेरूनच विचारायचे, "आत कुनी हाय का?" लोक चिडायचे, हसायचे. घरं उघडत गेली. आत कणग्या होत्या, चुली होत्या, कोळ्यांची जाळी होती. सतराव्या घराचं दार शेवटी, चैत्रातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी उघडलं. तेही रिकामं निघालं.

नानांनी खुर्ची उचलली. मी त्यांना म्हणाले, "नव्हतं कुणी, नाना. तिला भास झाला असेल. सोडा आता."

त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "असंल. मलाबी तुमी सांगितलंत म्हून शेवंता कळली, बाई. न्हाईतर तीबी भासच हुती."

आणि खुर्ची डोक्यावर घेऊन ते पुढच्या आळीकडे निघाले.